आपोआप आलेली रोपे



जे रोप आपण लावले नाही, त्याला आपल्या अंगणात राहण्याचा हक्क आहे काय? प्रश्न किरकोळ वाटेल. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ज्यांच्याकडे दोन हात माती आहे, त्यांच्यापुढे तो दर पावसाळ्यात उभा राहतो.

थंड देशांत आपोआप येणारी फुले वसंतात फुलतात. आपल्याकडे चैत्रात माती तापलेली असते. बी निजून राहते आणि मृगाच्या सरींनी जागे होते. आंब्याच्या किंवा शेवग्याच्या विरळ सावलीत तेरडा आणि गुलबक्षी वर येतात. सदाफुली तर भिंतीच्या फटीतूनही डोके काढते. तेरड्याचे पिकलेले बोंड बोट लागताच फुटते आणि बी दूर उडते. गुलबक्षीचे मिऱ्यासारखे काळे बी झाडाखालीच पडते. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो. पण वंश टिकवण्यात तो पक्का आहे. आपण एवढेच करायचे: फुले सरताच झाडे उपटून अंगण चकाचक करायचे नाही, आणि सगळीकडे फरशी बसवायची नाही.

पुढे मात्र अडचण येते. रोपे दाटीने उगवतात. सगळी ठेवली तर एकही धड वाढत नाही. वीतभर अंतर राखून बाकीची काढावीच लागतात. गौरीला तेरडा लागणाऱ्या शेजाऱ्याला त्यांतली काही दिली, तर उत्तमच. ही निवड रास्त आहे.

पण निवडताना ‘हे आपले, ते परके’ ही कसोटी चालत नाही. तेरडा या भूमीचा, गुलबक्षी अमेरिका खंडातली, सदाफुली मादागास्करची. त्याच सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावरचे व्हिन्क्रिस्टिन हे औषध मिळते.

हीच भाषा आपण माणसांबद्दलही वापरतो. “हे कुठून आले? यांच्यामुळे पाणी पुरत नाही, लोकलमध्ये पाय ठेवता येत नाही.” १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिले, १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्पचे क्रमांक आजही पत्त्यांत आहेत. अंबरनाथ-बदलापूरला कोणी कारखान्यातल्या कामासाठी आले, कोणी मुंबईत घर परवडेना म्हणून.

गर्दी खरी आहे, पाण्याची ओढही खरी आहे. मग बागेचा नियम येथेही लावायचा का? नाही. माळी वाफ्याच्या बाहेर उभा असतो. वस्तीत मात्र उपटायला निघालेला स्वतःही एक रोपच असतो, बहुधा मागच्याच पावसात आलेले. मत्तयच्या शुभवर्तमानातील निदणाच्या दाखल्यात तर शेताचा मालक चाकरांना निदणही उपटू देत नाही, कारण त्याबरोबर गहू उपटला जाण्याची भीती असते. रोपे काढून वाफा मोकळा करता येतो. माणसांची टंचाई वाटून घेऊनच सोसायची असते.

म्हणून इमारतीत पुढचे नवे बिऱ्हाड उतरेल, तेव्हा ते कुठले, हे विचारण्याआधी नळाला पाणी किती वाजता येते, ते त्यांना सांगून येऊ या.