दरवेळी मागे कोणी सरायचं?

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय आपल्या मंडळ्यांमधून बराच वाचला जातो. या खेपेला फैजपूर, सावदा, भुसावळ या पट्ट्यातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख त्याच अध्यायाकडे आहे. इतरांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना, त्यांचं हित पाहा, हे पौलाचं सांगणं कोणालाच खोडायचं नाही. तक्रार आहे ती पौलाचं नाव पुढे करून कामं सांगणाऱ्यांबद्दल. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. लिहिणारी व्यक्ती ओळखू येईल असा मजकूर गाळला आहे.

शंका : सलाम. आमची मंडळी लहान आहे. आमचा ओटा मोठा म्हणून दर बुधवारची कॉटेज मीटिंग आमच्याच घरी असते. नाताळ, नवीन वर्ष, उपकारस्तुतीचं जेवण, काहीही असो, वांगी भाजण्यापासून पातेली घासण्यापर्यंत आम्ही त्याच चौघीजणी. उपदेश चालू असतो तेव्हा आम्ही मागच्या अंगणात. सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. यंदा जमणार नाही म्हटलं, तर महिला मंडळाच्या एक वडीलबाई म्हणाल्या, "ख्रिस्ती बाईनं स्वतःपुरतं पाहू नये." घरातही तोच सूर आहे. मी स्वार्थी झाले का? (एक भगिनी, फैजपूर)

समाधान : नाही, ताई. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करणारी बाई स्वतःपुरतं पाहते, असं म्हणायला धाडस लागतं.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा काढा. यरुशलेमेच्या मंडळीत रोजचं अन्न वाटलं जाई. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवा डावलल्या जात होत्या. त्यांच्या बाजूने कुरकुर झाली. त्या वेळी बारा प्रेषितांना किती सोपं होतं सांगणं, की बायांनो, प्रभूसाठी सोसा, दुसरीला आधी मिळू द्या. तसं त्यांनी म्हटलं नाही. सगळी मंडळी बोलावली, कुरकुर खरी मानली आणि वाढपाची जबाबदारी सात पुरुषांवर सोपवली. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या बाया डावलल्या जात होत्या, बहुधा त्यांच्यातलेच लोक नेमले, असा त्याचा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. त्या सातांतला स्तेफन पुढे मंडळीचा पहिला हुतात्मा झाला. पंगतीची व्यवस्था पाहणं त्याला कमीपणाचं वाटल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

आता तुमच्या अंगणाकडे येऊ. साऱ्या मंडळीला पुरेल एवढं भरीत म्हणजे काय, ते बामणोदच्या वांग्यांची तारीफ करत पंगतीला बसणाऱ्यांना दिसत नाही. पऱ्हाट्यांचा जाळ, डोळ्यांत धूर, वांगं गरम असतानाच साल काढताना पोळलेली बोटं, मग बडगीत ठेचणं. आणि गंमत बघा, थंडीत शेतात भरीत पार्टी असली की आपले हेच बांधव बाह्या सरसावून वांगी भाजतात, बडगीही सोडत नाहीत. म्हणजे येत नाही असं नाही. मंदिराच्या आवारात आलं की तेवढं विसरतं.

तुमच्या गावाला तर मोठ्या पंगतींचा अनुभव आहे. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन फैजपूरला झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मंडपाची सजावट नंदलाल बोसांची, ही नावं शाळकरी मुलंसुद्धा सांगतील. त्या गर्दीसाठी चुलीपुढे कोण बसलं होतं, ते विचारून पाहा. मंडळीने तरी असा इतिहास लिहू नये.

अशा वेळी मार्थेचं उदाहरण हटकून पुढे येतं, आणि मला ते व्यासपीठावरून ऐकताना नेहमी थोडं अवघडल्यासारखं होतं. मार्थेला बोल लावणारा उपदेशक उपदेश संपल्यावर मार्थेनेच रांधलेलं जेवतो. त्या गोष्टीत प्रभू काय म्हणाला? पायांशी बसून ऐकण्याचा वाटा मरीयेने निवडला आहे, तो तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही. तुमच्या मंडळीने तो चौघींकडून काढून घेतला आहे आणि वर त्याला सेवा म्हटलं आहे.

घरच्यांसाठी दोन उतारे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वास नाकारल्यासारखंच आहे. आणि मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने ज्यांना खडसावलं, ते आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावावर लावत आणि मोकळे होत. सासूबाईंना तहानेल्या ठेवून मंडळीची पातेली घासणं हे त्यापासून फार लांब नाही.

करायचं काय? सासूबाईंना बरं वाटेपर्यंत मीटिंग आमच्याकडे नको, असं सरळ सांगा. कारणांची लांबण लावू नका. मीटिंग घरोघर फिरू द्या. ज्यांची दोनच खोल्यांची जागा आहे त्यांना "तुमच्याकडे कसं मावणार" म्हणून आजवर कोणी विचारलंच नसेल. अशा घरांना विचारणं हाही त्यांचा मानच आहे. जेवणाची पाळी लावा आणि पाळीत पुरुषांची नावं घाला. पहिल्या वेळी मीठ कमी पडेल. पडू द्या.

एक मात्र स्वतःशी तपासा. बरीच वर्षं एकच काम करणाऱ्याला त्या कामाची मालकी वाटू लागते. दुसरीने फोडणी दिली की चव लागत नाही. तसं काही असेल तर ते सोडणंही तुमच्याकडेच आहे, आणि ते ओझं टाकण्यापेक्षा जड जातं.

शंका : मी केळी कापणीच्या टोळीत काम करतो. गाडी कधी लागणार ते व्यापारी ठरवतो, आणि बऱ्याचदा रविवारच येतो. उपासना चुकते. पाळकसाहेब म्हणतात, प्रभूला पहिलं स्थान द्या. मी गेलो नाही तर टोळीत एक माणूस कमी, माझ्या वाट्याचे घड बाकीच्यांना वाहावे लागतात, गाडी भरायला उशीर होतो. टोळीतले कोणी ख्रिस्ती नाहीत. 'दुसऱ्याचं आधी' यात ते धरायचे का? (यावल तालुका)

समाधान : धरायचे, आणि आधी धरायचे. शेजारी कोण, हे विचारणाऱ्याला प्रभूने शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. तिथे जखमी माणसाची मंडळी कोणती, हे कोणी विचारलेलं नाही. बैल विहिरीत पडला तर शब्बाथ असला तरी काढाल की नाही, हेही त्यानेच विचारलं. आणि आपला रविवार म्हणजे नेमका शब्बाथही नव्हे.

केळी म्हणजे गोदामात ठेवायचा माल नाही. घड पुरे भरले की बागेत फार दिवस ठेवता येत नाहीत, आणि कापल्यावर तर वेळच नसतो. मेमध्ये वारावादळ उठलं की उभी बाग आडवी होते, हे तुमच्या भागात पोरांनाही माहीत आहे. तेव्हा मालकाची घाई समजते. तुम्ही न सांगता गैरहजर राहिलात आणि तुमचा भार चौघांनी वाहिला, तर तुमच्या प्रार्थनेचं मोल त्यांच्या खांद्याने चुकवलं. ते प्रभूपुढे न्यायचं अर्पण नव्हे. मुकादमाला आदल्या दिवशी सांगून बदली माणूस मिळतो का पाहा. मिळाला तर उपासनेला जा, आणि त्याच्या अडीअडचणीच्या दिवशी तुम्ही उभे राहा. नाही मिळाला तर बिनघोर कामाला जा.

पण हे तुमच्यापाशी संपत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल संतापलेला दिसतो. प्रभुभोजनाला जमलेले काही जण आधीच पोट भरून घेत, आणि ज्यांच्याकडे काही नसे ते उपाशी राहत. जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा, असं त्याने बजावलं. वाट पाहायला कोणाला सांगितलं? जे आधी पोचत होते आणि ज्यांच्याकडे भरपूर होतं त्यांना. आपल्या मंडळ्यांत रविवारी सकाळची वेळ दगडावरची रेघ असल्यासारखी पाळतात. ज्या गावात निम्मी माणसं मजुरीला जातात तिथे महिन्यातून दोन उपासना संध्याकाळी घ्यायला काय हरकत आहे? हे मागणं तुम्ही एकट्याने करू नका, पाळकसाहेबांकडे तिघे-चौघे मिळून जा.

आणि मंडळीत कोणी बागवाले असतील तर त्यांच्यासाठी जाता जाता : रविवारी स्वतः पहिल्या बाकावर आणि टोळी आपल्याच बागेत, असं असेल तर पाळक काय सांगतात हे ऐकण्याआधी व्यापाऱ्याला फोन करावा.

शंका : तरुण संघाला कीबोर्ड, ड्रम आणि नवी हिंदी गाणी हवीत. वडीलधाऱ्यांना 'उपासना संगीत' मधली गीतं आणि पेटी-तबल्यावरची भजनं. दोन्ही बाजू म्हणतात, दुसऱ्याने प्रेमाने माघार घ्यावी. (सावदा)

समाधान : दोन्ही बाजूंना वचन पाठ आहे, फक्त ते समोरच्यासाठी. फिलिप्पैच्या मंडळीतही युवदीया आणि सुंतुखे या दोन कार्यकर्त्या बायांचं बिनसलं होतं. पौलाने दोघींचीही नावं घेऊन वेगवेगळी विनंती केली. कोणाचं बरोबर, ते सांगितलं नाही. शिवाय मध्ये पडायला एका तिसऱ्याला सुचवलं. तुम्हीही मंडळीतला असा एक माणूस शोधा ज्याला गाता येत नाही. तो निःपक्ष असेल.

रोमकरांस पत्रात सबळांनी दुर्बळांचं सोसावं असं आहे. तुमच्याकडे सबळ कोण? कमिटीत वडीलधारे, आणि मिक्सरच्या बटणावर बोट ठेवून तरुण. तेव्हा वडीलधाऱ्यांनी यादी ठरवण्यात माघार घ्यावी, तरुणांनी आवाजात. पडद्यावरची अक्षरं न दिसणाऱ्या आजींना शब्द पाठ असलेलं एक तरी गीत दर रविवारी असावं. बाकी तुम्ही ठरवा.

शंका : माझे यजमान निवृत्त आहेत. दारी आलेला कोणी रिकाम्या हाताने जात नाही. मंडळीतल्या एकाच्या आजारपणाला मुलीच्या कॉलेजच्या फीचे पैसे दिले, मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं. बोलले तर म्हणतात, तुझा विश्वास कमी. (भुसावळ)

समाधान : तुमच्या यजमानांचं मन मोठं आहे, त्यात शंका नाही. पण त्यांनी दिलं ते आपलं नव्हे, मुलीचं. आपल्या वाट्याचं सोडणं आणि दुसऱ्याच्या वाट्याचं सोडून देणं, दोन्हींत फरक आहे आणि तो घरातल्या बाईला आधी कळतो.

मराठी ख्रिस्ती समाजात याचं सगळ्यांत जिवंत चित्र कोणी काढलं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांनी, 'स्मृतिचित्रे' त. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. माणसं घरी येत, राहत, अनाथ पोरं घरात वाढत. लक्ष्मीबाई नवऱ्याची थोरवी सांगतात, आणि त्या थोरवीचा हिशेब संसारात कसा चुकता करावा लागे तेही सांगतात, हसत हसत, पण एक आणा न सोडता. त्या स्वतः काही हात आखडणाऱ्या नव्हत्या. त्यांनीही परकी लेकरं पोटाशी धरली. फरक एवढाच की त्या जे देत ते त्यांना माहीत असे. पुस्तक घरात नसेल तर आणा आणि संध्याकाळी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या उत्तरापेक्षा ते जास्त कामाला येईल, आणि हसणंही होईल.

तरी वचनच हवं असेल तर करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय आठ. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी पौल वर्गणी गोळा करत होता. मासेदोनियातल्या मंडळ्यांनी ऐपतीबाहेर दिलं, त्याचं त्याने मनापासून कौतुक केलं. मग करिंथकरांना मात्र स्पष्ट लिहिलं की दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला तंगी, असा माझा हेतू नाही. समानता व्हावी, आज तुमच्याकडलं त्यांना, उद्या त्यांच्याकडलं तुम्हाला. देण्याची इतकी तळमळ असलेला माणूसही हे लिहून ठेवतो.

दर महिन्याला दोघांनी बसून एक रक्कम काढा, ती यजमानांनी कोणालाही द्यावी, तुम्ही विचारू नका. त्यापलीकडचं दोघांच्या संमतीने. आणि ज्यांच्या आजारपणाला पैसे दिले ते आता बरे असतील तर परत मागायला संकोच नको. उसने होते की दान, हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसण्याची शक्यता आहे.

शंका : पंच कमिटीत अर्पणाचा हिशेब विचारला की "भावाला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना" असं ऐकवतात. गप्प बसावं का? (नाव, गाव देऊ नये)

समाधान : बसू नये. त्याच आठव्या अध्यायात पुढे वाचा. वर्गणीची रक्कम पौलाने एकट्याच्या हाती ठेवली नाही. तीतासोबत मंडळ्यांनी नेमलेला आणखी एक भाऊ दिला, कोणी दोष लावू नये म्हणून, आणि देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही चोख असावं म्हणून. प्रेषित पौलाला साक्षीदार लागत असतील तर तुमच्या खजिनदारांनाही लागतात. पुढच्या बैठकीत बँकेचं पासबुक टेबलावर मागा. आवाज चढवू नका, पण "पुढच्या महिन्यात बघू" या उत्तरावर उठूही नका.