आईबापांचं काय?

खामगाव ही कापसाची पेठ. न्यूयॉर्कचे पाद्री अल्बर्ट सिम्प्सन यांच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची माणसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात आली ती एका तळमळीनं: ख्रिस्ताचं नाव न ऐकता माणसं रोज नाशाकडे चालली आहेत. मग 1899-1900 चा दुष्काळ पडला. खामगावात त्यांनी अनाथ मुली सांभाळल्या. आत्मे तारायला आलेल्यांनी आधी जीव वाचवले. मला ते थोर वाटतं.

पण त्या मुलींच्या आया ते नाव न ऐकताच गेल्या असणार. तळमळीमागची शिकवण खरी धरली, तर मुलगी तरली आणि आई बुडाली.

परक्याचा नरक कल्पता येतो. आईचा येत नाही.

जपानातल्या नव्या ख्रिस्ती लोकांनी हेच रडत विचारलं होतं. आमच्या मेलेल्या पूर्वजांना सुटका आहे का? धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर यांनी 1552 च्या पत्रात ते लिहून ठेवलं आहे. त्यांचं उत्तर होतं, नाही. त्या रडण्यानं त्यांनाही यातना झाल्या. माझ्या लेखी त्या यातनेत उत्तरापेक्षा अधिक धर्म आहे.

आणि ते उत्तर तरी कुठे आरंभापासूनचं होतं? गेहेन्ना ही यरुशलेमलगतची एक दरी; तिचा पुढे नरक झाला. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन सांगत होता की देवाचा अग्नी शुद्ध करण्यासाठी असतो, शेवटी सगळे परततील. संत ऑगस्टीननं शिक्षेला अंत नाही असं ठरवलं. बाप्तिस्म्याविना गेलेल्या तान्ह्यालाही शिक्षाच, फक्त सर्वांत सौम्य. दुष्टपणाला स्वतःची सत्ता नाही, तो चांगुलपणाचा अभाव आहे, हेही त्याचंच म्हणणं. जे मुळात उणेपण आहे, त्याच्यासाठी कधीच न विझणारी आग का? हा सांधा मला जुळलेला दिसत नाही.

सहाव्या शतकात ओरिजेनचं मत पाखंड ठरलं. मध्ययुगानं स्वर्ग आणि नरक यांच्यामध्ये शुद्धीची जागा नेमली. धर्मसुधारक कॅल्विननं तारण आणि नाश दोन्ही जन्माआधीच ठरलेले मानले. भीतीला व्यवस्था आवडते.

1964 साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लिहिलं: स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. सगळ्या पंथांना ते मान्य नाही. माझ्या मते मात्र हे शहाणपण ग्रंथांतून जितकं आलं, तितकंच जपानातल्या त्या रडण्यातूनही आलं.

मराठीतले कवी नारायण वामन टिळक नरकाच्या धाकानं ख्रिस्ती झाले नाहीत. रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांचं मन धरून ठेवलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर दुरावलं, नातलग तुटले. बाप्तिस्म्याची किंमत त्यांच्याइतकी थोड्यांनीच मोजली असेल. त्याच टिळकांनी 1917 साली मिशन सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकत होते.