दोन स्टेशनांमधलं पान

पहाटे पाचला कुकर लागतो. डबे, लेकीच्या वेण्या, वहीवर राहून गेलेली सही, आणि मग पावणेसातच्या सुमाराची बदलापूरहून सुटणारी जलद लोकल. लेकीला शाळेच्या रिक्षात सासूबाई बसवतात. निघताना ती म्हणते, ‘आई, लवकर ये हं.’ जिना उतरेपर्यंत तो आवाज पाठीशी असतो. बसायला मिळालं की मी पुस्तक उघडते.

लेक झाल्यावर काही वर्षं माझं वाचन सुटलंच होतं. सलग दोन तास मिळाले तरच वाचायचं, असा माझा हट्ट होता. ते दोन तास कधी आलेच नाहीत. आता अंबरनाथ ते कल्याण चार पानं, कल्याण ते ठाणे आणखी सहा-सात, असं चालतं. डब्यात कुणी व्यंकटेश स्तोत्र पुटपुटत असतं, कुणी घरी राहिलेली झोप डोळे मिटून पुरी करत असतं. संध्याकाळी परतताना मांडीवर मटार सोलले जातात, तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून मीही ओंजळभर शेंगा मागून घेते.

गेले दोन महिने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचते आहे. शाळेत एक धडा होता, तेवढीच जुनी ओळख. शाळेची पायरी न चढलेली ही बाई लग्नानंतर अक्षरं शिकली. तिच्या आठवणी १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत पुस्तकरूपानं आल्या. वाचताना सारखं वाटतं, ही कुठे निवांत बसून लिहिणारी बाई नव्हे. स्वयंपाक, आजारपणं, पाहुणे, नवऱ्याचा लहरी स्वभाव, पोरकी मुलं, या सगळ्याच्या फटींतून तिनं लिहिलंय. म्हणून तिचं वाक्य असं थेट येतं, ओल्या हातानं दार उघडावं तसं. नवऱ्याचं, टिळकांचं, अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही तिनंच पुढे नेलं, त्यात चौसष्ट अध्याय घातले. टिळकांनी स्वतः जेमतेम अकरा लिहिले होते! हा आकडा मला रोज धीर देतो.

१८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. आपल्या लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन ती नातेवाइकांच्या आधारानं राहिली. तो भाग मी डोंबिवलीनंतर वाचला आणि ठाण्यापर्यंत पान उलटलंच नाही. आपल्या माणसाचं मन दुसरीकडे गेलं की घरातल्या बाईच्या वाट्याला काय येतं, ते तिनं आकांत न करता सांगितलंय. मला ते आकांतापेक्षा जड गेलं.

मागच्या महिन्यात लेकीला घेऊन नाशिकला गेले. कसाऱ्याला गाडी थांबली. घाट चढण्यासाठी मागून इंजिनं जोडायची होती. लेक खिडकीला नाक लावून बसली होती. मी तिला सांगितलं, की आपण चाललोय तिथे गोदावरीकाठी जलालपूर नावाचं गाव आहे, तिथे एक मुलगी जन्मली, आणि तिचे वडील इतकं सोवळं पाळायचे की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे.

‘मीठ धुतलं तर उरेल काय?’ तिनं विचारलं.

मला उत्तर सुचलं नाही. मागून धक्का बसला, गाडी हलली, आणि बोगद्यांच्या अंधारात तिनं माझा हात धरला. इगतपुरीपर्यंत ती एकेक प्रश्न विचारत राहिली: त्या मुलीची आई काय करायची, ती रागवायची का, ती कुठे जायची का. शेवटी मी पुस्तक काढलं आणि तो भाग तिला मोठ्यानं वाचून दाखवला. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी एकाच पुस्तकात पहिल्यांदा असे एकत्र होतो.

काल सकाळी शेजारच्या सीटवरच्या बाई माझ्या पानावर वाकल्या होत्या. गळ्यात रुग्णालयाचं ओळखपत्र, डोळ्यांत रात्रपाळीचं जागरण. त्यांना वाटलं, मला कळलं नाही. माझं पान वाचून झालं होतं. त्यांची नजर शेवटच्या ओळीपर्यंत उतरेपर्यंत मी थांबले, मग पान उलटलं. घाटकोपर येईपर्यंत आमची अशी पाच पानं झाली.