सगळे एकदम, की एकेक करून?

"माणसं स्वार्थी असली तरी सहकार्य टिकून राहतं, हे संगणकावर सिद्ध झालंय." अशा अर्थाचं वाक्य तुम्हीही कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं असेल. मागे मंद संगीत, पडद्यावर गालिच्याच्या नक्षीसारखे उमलत जाणारे निळे-लाल ठिपके, आणि निवेदक सांगतोय की निसर्गाच्या गणितातच भलेपणाला जागा आहे. ऐकायला बरं वाटतं. ते ठिपके खोटे नाहीत. ते जिथून आले तो शोधनिबंधही खरा आणि गाजलेला आहे: मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे या ऑक्सफर्डच्या दोघांनी १९९२ साली 'नेचर'मध्ये छापलेला. माझा आक्षेप त्या ठिपक्यांवर नाही, त्यांच्यामागे टिकटिकणाऱ्या घड्याळावर आहे.

आधी खेळ समजून घेऊ. बुद्धिबळासारखा पण खूप मोठा पट. प्रत्येक घरात एकजण राहतो, तो एकतर सहकारी (निळा) किंवा दगाबाज (लाल). कोपऱ्याला टेकलेले धरून प्रत्येकाला आठ शेजारी. दर फेरीत प्रत्येकजण आठही शेजाऱ्यांशी आणि शिवाय स्वतःशी एकेक डाव खेळतो. (स्वतःशी खेळणं विचित्र वाटेल, एका घरात एक कुटुंब राहतं असं समजलं की मला ते पचतं.) दोघं सहकारी असतील तर प्रत्येकी १ गुण. दगाबाजाला सहकारी भेटला तर दगाबाजाला १.९ आणि सहकाऱ्याला शून्य. दोघं दगाबाज, तर दोघांनाही शून्य. हा १.९ म्हणजे मोहाचा आकडा. फेरी संपली की प्रत्येकजण आजूबाजूला बघतो आणि स्वतःसकट नऊजणांत ज्याला सर्वांत जास्त गुण मिळाले त्याच्यासारखा होतो. बस. इथे कुणाला स्मरणशक्ती नाही, सूड नाही, बदनामीची भीती नाही. रॉबर्ट ॲक्सेलरॉडच्या १९८४च्या पुस्तकातली 'जशास तसे' वगैरे हुशारीही नाही. नुसतं शेजाऱ्याकडे बघून वागणं.

आणि तरी सहकार्य मरत नाही. मोहाचा आकडा १.८ आणि २च्या मधे असेल तर निळे आणि लाल एकमेकांचा पाठलाग करत राहतात, पण कुणीच संपत नाही; निळ्यांचं प्रमाण सरासरी ३२ टक्क्यांच्या किंचित खाली रेंगाळतं. १.८ आणि २ कुठून आले, हे बोटांवर मोजून कळतं. लाल चौकोनाच्या कोपऱ्यावरच्या दगाबाजाला पाच निळे शेजारी मिळतात, आणि सगळ्यात सुखी निळ्याला ९ गुण असतात. पाच गुणिले १.८ बरोबर ९, म्हणजे त्याच्या पुढे कोपरे बाहेर सरकतात. सरळ काठावर मात्र लालला तीन निळे मिळतात, तर समोरच्या निळ्याला ६ गुण. तीन गुणिले २ बरोबर ६, म्हणजे त्याच्या आत काठ निळ्यांचा. लाल कोपऱ्यांवर जिंकतात, निळे काठांवर. गालिच्याची सगळी नक्षी या एका भांडणातून निघते. हे पहिल्यांदा कागदावर जुळलं तेव्हा मी खरंच खुर्चीतून उठले होते.

आता घड्याळ. हा खेळ कोडमध्ये लिहिताना दोन पट लागतात: एक जुना, एक नवा. जुन्यावरून वाचायचं, नव्यावर लिहायचं, आणि सगळी घरं लिहून झाली की अदलाबदल करायची. म्हणजे पटावरचे सगळे रहिवासी एकाच क्षणी श्वास रोखतात, एकाच क्षणी विचार बदलतात, आणि शेजारी आत्ता काय ठरवतोय हे कुणालाही दिसत नाही. दुसरी पद्धत एकाच पटाची. कुठलंही एक घर चिठ्ठी काढल्यासारखं निवडायचं, त्याचे आणि शेजाऱ्यांचे गुण त्या क्षणी मोजायचे आणि बदल लगेच तिथेच लिहायचा. मग पुढची चिठ्ठी. कोडमधला फरक दोन-चार ओळींचा. कोड तपासणाऱ्याच्या नजरेत भरणारही नाही असा.

१९९३ साली बर्नार्डो ह्युबरमन आणि नॅटली ग्लान्स यांनी नेमका हा फरक करून पाहिला. तोच पट, तोच मोह, तीच नक्कल. फक्त सगळे एकदम बदलण्याऐवजी एकेक करून. पट पूर्ण लाल झाला. एकही निळा उरला नाही. त्यांचा मुद्दा साधा होता: निसर्गात सगळ्यांसाठी घंटा वाजवणारा कुणी नसतो, मग घंटेवर टिकलेल्या सहकार्यातून निसर्गाविषयी काय शिकायचं?

असं का होतं, हे चार घरांत दिसतं. लाल समुद्रात दोन बाय दोनचा निळा चौकोन घ्या. प्रत्येक निळ्याला ४ गुण: तीन सोबती आणि एक स्वतः. बाहेरून चिकटलेल्या लालला फार तर दोन निळे मिळतात, म्हणजे ३.८. चार मोठे. सगळे एकदम बदलत असतील, तर भोवतालची बाराही घरं एका दणक्यात निळी होतात आणि चार बाय चारचा मजबूत चौकोन उभा राहतो. पण एकेक करून बदलत असतील, तर आधी एकच शेजारी निळा होतो. चौकोनाला एक नाक फुटतं. त्या नाकाच्या बगलेत खाच तयार होते आणि तिथल्या लालला अचानक तीन निळे मिळतात: ५.७. निळ्यांत सगळ्यात वरच्याला ५. आता पुढची चिठ्ठी त्या निळ्यांपैकी कुणाची निघाली, तर तो लाल होणार. बाहेरून एक माणूस सहकार्यात सामील झाला, आणि त्याच्या सामील होण्यानेच आतला एक फुटला.

त्या खाचेतल्या लालने काहीही केलं नाही. तो होता तिथेच बसला होता. सगळ्यांनी मिळून जायचं ठरवलं असतं तर त्याची खाच झालीच नसती. ती अर्धवट अवस्था कुणी निवडली नव्हती, ती फक्त क्रमामुळे मधे आली.

न्यायासाठी पुढचंही सांगायला हवं. नोवाक आणि मे यांनी सेबास्टियन बोनहोफरला सोबत घेऊन १९९४ साली उत्तर दिलं: मोह थोडा कमी असेल, तर एकेक करून बदलतानाही सहकार्य टिकतं. खाचेचंच गणित पुन्हा करा. मोह १.६ धरला तर खाचेतल्या लालला ४.८, निळ्याला ५. खाच भरून निघते. म्हणजे ह्युबरमन-ग्लान्स यांनी 'माणूस शेवटी दगाबाजच' असं काही सिद्ध केलं नाही. व्हिडिओतला निवेदक जितका घाईत होता, तितकेच घाईत ते लोक आहेत जे या दुसऱ्या निबंधावरून सुस्कारा सोडून मोकळे होतात.

मला यातून जो प्रश्न पडला तो वेगळा आहे. नैतिकतेबद्दल बोलताना आपण नकळत कुठलं घड्याळ गृहीत धरतो?

कांट घ्या. १७८५च्या पुस्तकात तो सांगतो, की तुझ्या वागण्याचा नियम सगळ्यांचाच नियम व्हावा असं तुला म्हणता येईल, असंच वाग. "सगळ्यांनी असंच केलं तर?" हे आपल्या घराघरात आईने विचारलेलं वाक्य. या प्रश्नातलं जग एकदम बदलतं. एका टिचकीत सगळे खोटं बोलू लागले तर, सगळे कचरा रस्त्यावर टाकू लागले तर. मधल्या वेळाचा, म्हणजे चौघांनी टाकलाय आणि सहाजण बघतायत अशा मंगळवारचा, त्यात विचार नाही. ह्यूमला मात्र तो मंगळवार दिसला होता. १७४०मध्ये छापलेल्या भागात त्याने दोन शेजारी शेतकरी उभे केलेत. एकाचं पीक आज तयार, दुसऱ्याचं उद्या. आज मी तुला मदत केली तर उद्या तू करशील याची मला खात्री नाही, तुलाही माझी नाही. म्हणून दोघं एकेकटे राबतात आणि दोघांचंही पीक वाया जातं. दोन्ही पिकं एकाच दिवशी पिकली असती तर ही गोष्ट झालीच नसती असं मी म्हणणार नाही, पण तिच्यातली कळ त्या एका रात्रीत आहे.

आपल्याकडे त्या रात्रीवर उपाय होता. सावड. आज तुझ्या शेतावर मी, उद्या माझ्या शेतावर तू. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात लावणी-कापणीची कामं अशी निघत. आणि शहरात आजही भिशी चालते, जी मला कुठल्याही शोधनिबंधाइतकी गूढ वाटते. दहाजणी दरमहा पाच हजार काढतात, दर महिन्याला एकीला पन्नास हजार मिळतात. पहिल्याच महिन्यात जिची चिठ्ठी निघाली तिच्या हातात रक्कम आहे आणि पुढचे नऊ हप्ते फक्त तिच्या शब्दावर. मोहाचा आकडा इतका वर आणि क्रम इतका उघड, तरी बहुतेक भिशा बुडत नाहीत. का? त्या बायका शेजारणीची नक्कल करून वागत नाहीत म्हणून. त्यांना आठवण आहे, जिना एक आहे, हळदीकुंकवाला भेटायचंय. पटावरच्या घरांजवळ यातलं काहीच नाही.

जिथे असा जिना नसतो, तिथे आपण मुद्दाम घंटा बांधतो. २०२४ची लोकसभा निवडणूक सात टप्प्यांत झाली. महाराष्ट्राने १९ एप्रिल ते २० मे अशा पाच टप्प्यांत मत दिलं. देशातला शेवटचा टप्पा १ जूनला आणि मोजणी ४ जूनला. मधल्या काळात मतदानोत्तर चाचण्या छापायला बंदी, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२६अ कलम. माझ्या भाषेत हे दोन पटच आहेत: लोक नव्या पटावर लिहितात आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत तो झाकलेला. मतदान एकेक करून झालं, पण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नात मिसळू दिलं नाही.

घंटा नसली तर काय होतं ते मी एका जुन्या नोकरीत पाहिलं. आमच्या टीममध्ये सहाजणांचं ठरलं, की रात्री नऊनंतर आलेल्या मेसेजला सकाळीच उत्तर द्यायचं. तीन आठवडे जमलं. मग एकाने एका रात्री उत्तर दिलं. त्याच्या बहिणीचं लग्न होतं, दुसऱ्या दिवशी रजा होती, हातासरशी संपवलं. सकाळच्या कॉलवर मॅनेजरने त्याचं नाव घेऊन कौतुक केलं. पुढच्या आठवड्यात दुसरीने दिलं. महिन्याभरात रात्री अकराला ग्रुपवर दिवसासारखी वर्दळ. यात कुणी कुणाला फसवलं असं म्हणता येत नाही. दर वेळी ज्याची पाळी आली त्याने त्या क्षणीचा पट पाहिला, आणि त्या पटावर गप्प राहणं हा खरोखर आधीपेक्षा महाग सौदा होता. "तुम्ही सगळे एकत्र राहिला असतात तर" असं नंतर एक सीनियर म्हणाले. पण 'सगळे' नावाचं कुणी त्या चॅटमध्ये नव्हतंच. एक होता, मग दोन, मग तीन.

अशा ठिकाणी दोष कुणाचा, याचं आपल्याकडे तयार उत्तर असतं: जो पहिला फुटला त्याचा. पट बघून मला ते पटेनासं झालंय. पहिला कधीकधी निव्वळ चिठ्ठी असतो. मला जास्त जबाबदार वाटतो तो ज्याच्या हातात गुण देणं आहे, म्हणजे त्या सकाळी कौतुक करणारा. त्याने मोहाचा आकडा १.६ वरून १.९ केला आणि त्याला ते बहुधा कळलंही नाही.

लेस्ली लॅम्पोर्टने १९७८ साली दाखवलं होतं, की अनेक यंत्रं दूरदूर असतील तर 'एकाच क्षणी' या शब्दाला भक्कम अर्थ उरत नाही. कुठली घटना कुठलीच्या आधी हे सांगता येतं, तेही प्रत्येक वेळी नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे मुकाट्याने मान्य करतो आणि त्यावर बँका चालवतो. माणसांबद्दल बोलताना मात्र समाज 'जागा होईल', लोक 'उठतील' अशी सगळ्यांच्या एकत्र उठण्याची वाट बघतो.

नक्कल न करणाऱ्यांचं काय, हे बघायला मी एकेक बदलण्याच्याच कोडमध्ये, मोह १.९ ठेवून, काही घरं हट्टी केली: निळी, आणि काहीही झालं तरी निळीच. कांटला आवडली असती अशी. एकटा हट्टी निरुपयोगी ठरतो. त्याला १ गुण, त्याच्या प्रत्येक शेजाऱ्याला १.९; त्याच्याकडे बघून कोण बदलणार? दोघं चिकटून बसले तरी नाही. तिघं बसले तरी नाही, त्यांना फार तर ३ मिळतात आणि बगलेतला लाल त्याहून जास्त कमावतो. चार, दोन बाय दोन, एकमेकांना खेटून: ४ विरुद्ध ३.८. तिथे पहिला शेजारी निळा होतो. मग खाच पडते, तो पुन्हा लाल होऊ शकतो, पण चौघं हलत नाहीत, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला कुणीतरी निळा होतो. सगळा पट लाल, आणि मधे हा एक लहानसा काठ सारखा धडधडतोय. मी तो टॅब अजून बंद केलेला नाही.