शरीराचे शिक्षण कोणत्या वयापर्यंत?

शाळेत दहा वर्षे शारीरिक शिक्षणाच्या तासाला हजर राहिलेली व्यक्ती चाळिशीत एक जिना चढताना धापा टाकू लागते, तेव्हा त्या तासाने तिला काय दिले, हा प्रश्न वरवर वैद्यकीय वाटतो. आमच्या मते तो नैतिक आहे. गणित वा भाषा शिकवताना शाळा मुलाच्या पुढील आयुष्याचा विचार करते. शरीराच्या बाबतीत मात्र तिची जबाबदारी दहावीच्या निरोप समारंभाला संपते, हे आपण कधी आणि का मान्य केले?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम हवा. प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा. पी.टी.चे आठवड्यातील दोन-तीन तास ही गरज भागवू शकत नाहीत, आणि तशी अपेक्षाही योग्य नव्हे. रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग आठवड्याभराची प्रार्थना उरकून टाकत नाही. तो प्रार्थना करायला शिकवतो. पी.टी.च्या तासाचे कामही तेवढेच, परंतु तेवढे तरी तो करतो काय? परीक्षा जवळ आली की तो तास गणिताचे शिक्षक मागून घेतात. मुलाला त्यातून जो धडा मिळायचा, तो मिळतो.

याहून गंभीर गोष्ट शिक्षेची. गृहपाठ केला नाही, मैदानाला पाच फेऱ्या. वर्गात बोललास, वीस उठाबशा. धावणे हा बालपणीचा सर्वांत स्वाभाविक आनंद, आणि नेमका तोच दंड म्हणून वापरला जातो. कोणी म्हणेल, फादर, तुम्हीही पापनिवेदनानंतर प्रायश्चित्त म्हणून प्रार्थनाच सांगता! आक्षेप चतुर आहे. मात्र ती प्रार्थना क्षमा मिळालेल्या माणसाने परतीच्या वाटेवर करायची असते. मैदानाच्या फेऱ्या मारणाऱ्या मुलाला अजून कोणी क्षमा केलेली नसते, आणि सारा वर्ग खिडकीतून हसत असतो. असे मूल पुढे तिशीत पहाटे उठून आपणहून धावायला जाईल, ही आशा आम्हांला भाबडी वाटते.

दुसरा दोष निवडीचा. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘पॉलिटिक्स’ ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे : ऑलिंपियात कुमारवयात जिंकलेले आणि पुढे प्रौढपणीही जिंकलेले असे दोघे-तिघेच सापडतात, कारण कोवळ्या वयातील कठोर तालमीने त्यांची शक्ती आधीच खर्च होते. आपल्या शाळांत तर खर्च होण्याइतकी संधीही मोजक्यांनाच लाभते. कबड्डीला सात खेळाडू निवडले जातात, खो-खोला नऊ; उरलेला वर्ग रेषेबाहेर उभा राहून टाळ्या वाजवतो. चषक कार्यालयाच्या कपाटात झळकतो. चषकाला आमचा विरोध नाही. परंतु ज्यांना टाळ्याच वाजवायच्या होत्या त्यांचे शरीरही देवाचेच दान होते, एवढे तरी कॅथलिक शाळेने विसरू नये.

आमच्या विदर्भाला या बाबतीत दूर जायला नको. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आम्हांला मात्र त्या गौरवापेक्षा जुन्या आखाड्याची एक साधी रीत मोलाची वाटते. तेथे इयत्ता नव्हत्या. दहा वर्षांचे पोर आणि साठीचा वस्ताद एकाच मातीत उतरत. व्यायाम हा बालपणाचा विषय नसून आयुष्याचा आहे, हे मुलाला कोणी सांगावे लागत नसे, ते त्याला दिसत असे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजवले, ते स्वतः नमस्कार घालत होते म्हणून. खुर्चीत बसून शिटी वाजवणाऱ्या गुरूला हे कसे साधावे?

आखाड्याचीही मर्यादा होतीच : मुलींना तेथे सहसा प्रवेश नसे. ती उणीव शाळेने भरून काढायची होती. प्रत्यक्षात आठवी-नववीपासून मुलगी मैदानावरून हळूहळू नाहीशी होते, आणि घरचेही त्याला मूकसंमती देतात. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर (सेंट चार्ल्स सेमिनरीमुळेच टेकडीला हे नाव पडले, हे आज अनेकांना ठाऊक नसते) सकाळी फिरायला येणाऱ्या भगिनींत डॉक्टरांनी ‘आता चालाच’ असे बजावल्यावर प्रथमच घराबाहेर पडलेल्या कितीतरी असतात. पन्नाशीत, दुखऱ्या गुडघ्यांनी, त्या पहिला धडा गिरवीत आहेत. जो धडा बाराव्या वर्षी खेळता खेळता झाला असता!

मग शिकवावे तरी काय? संघाविना, चषकाविना करता येईल असे काही : चालणे, पोहणे, सायकल, थोडी आसने. शिवाय आजारपणानंतर किंवा बाळंतपणानंतर खंड पडला तर पुन्हा सुरुवात कशी करावी, हेही. आमच्या ऐकिवात तरी हा शेवटचा पाठ कुठल्या शाळेत दिला जात नाही.

पालकांनाही यात वाटा आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसा खेळणे अशक्यच. संध्याकाळी सहानंतर हवा जरा निवते, आणि नेमक्या त्या वेळी शाळेच्या मैदानाच्या फाटकाला कुलूप असते. येत्या पालकसभेत गुणांची चौकशी आटोपल्यावर ते फाटक आठपर्यंत उघडे ठेवण्याची मागणी करावी. रखवालदाराच्या दोन तासांच्या जादा वेतनाचा प्रश्न निघेल. ते कोणी द्यायचे, हे तेथेच ठरवता येईल.