श्रद्धेचा परवाना

२७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हाजवळ शांपेल येथे मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला जिवंत जाळण्यात आले. रक्त हृदयातून फुप्फुसात जाते आणि तिथून परत येते, हे त्याने त्याच वर्षी छापलेल्या ग्रंथात लिहिले होते. खटला मात्र त्रैक्य आणि बालबाप्तिस्मा नाकारल्याचा होता, आणि तो भरण्यामागे जाँ कॅल्व्हिन होता; धर्मछळामुळे फ्रान्स सोडावा लागलेला सुधारक. छळ सोसलेल्या माणसाच्या हाती सत्ता आली की तोही चिता रचतो, हे त्या दिवशी उघडे पडले.

त्याविरुद्ध सेबास्तियन कॅस्टेलियो उभा राहिला. पूर्वी तो जिनिव्हातच शाळेचा प्रमुख होता. कॅल्व्हिनशी बिनसल्यावर बाझेलला आला. तिथे बायबलचे भाषांतर करताना घरात इतकी ओढाताण होती, की ऱ्हाइनच्या पाण्यातून वाहत येणारी लाकडे आकड्याने ओढून तो सरपण जमवी. गावातले इतरही तेच करत, पण कॅल्व्हिनने पुढे त्यावरून त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. १५५४ मध्ये कॅस्टेलियोने टोपणनावाने पुस्तक काढले. आपले ज्याच्याशी पटत नाही त्याला आपण पाखंडी ठरवतो, असे त्याचे म्हणणे. माणूस मारून सिद्धान्ताचे रक्षण होत नाही, हा त्याचा पुढचा युक्तिवाद त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही. तो बाहेर आला १६१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्धशतकाने.

मधल्या काळात राजेलोकांनी जे केले त्याला मी सहिष्णुता म्हणणार नाही. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहात राजाचा धर्म तोच प्रजेचा ठरला; न पटणाऱ्याला देश सोडण्याची मुभा, एवढीच काय ती सवलत. १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने नांतचा आदेश काढून प्रोटेस्टंटांना उपासनेची मोकळीक दिली, ती छत्तीस वर्षांच्या यादवीने फ्रान्स थकला होता म्हणून. अशी मोकळीक देणाऱ्याला परतही घेता येते. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने तो आदेश रद्द केला आणि लाखाहून अधिक माणसे हॉलंड, इंग्लंड, प्रशियाकडे पळाली.

त्याच वर्षी रॉटरडॅममध्ये राहणाऱ्या प्येर बेल या फ्रेंच प्रोटेस्टंट विचारवंताचा भाऊ बोर्दोच्या तुरुंगात मेला. प्येर हाती लागत नव्हता, म्हणून त्याच्या पुस्तकाचा राग भावावर काढला गेला होता. त्यानंतर बेलने जे लिहिले ते कॅस्टेलियोच्याही पुढचे होते: चुकलेल्या माणसाची सदसद्विवेकबुद्धीही त्याला बांधून ठेवते, म्हणून तिच्यावर बळजबरी करणे पाप आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचे सहिष्णुतेवरचे पत्र १६८९ मध्ये आले आणि त्याचाच गाजावाजा अधिक झाला, पण त्याने नास्तिकांना दाराबाहेर ठेवले. बेलने नास्तिकही सदाचारी असू शकतो हे आधीच लिहून ठेवले होते. माझ्या लेखी या दोघांत मोठा बेलच.

मग तुलूझ. १३ ऑक्टोबर १७६१ च्या रात्री जाँ कालास या प्रोटेस्टंट कापडव्यापाऱ्याच्या घरी वरच्या मजल्यावर जेवणे झाली. पाहुण्याला पोचवायला खाली उतरले, तर थोरला मुलगा दुकानात मेलेला. आत्महत्या करणाऱ्याचे प्रेत रस्त्यातून फरफटत नेत, म्हणून घरच्यांनी आधी खून झाल्याचे सांगितले. तेच अंगाशी आले. मुलगा कॅथलिक होणार होता, बापानेच त्याला मारला, अशी आवई उठली आणि १० मार्च १७६२ रोजी कालासला चाकावर बांधून हाडे मोडून मारण्यात आले. शेवटपर्यंत तो आपण निर्दोष असल्याचे सांगत होता. व्होल्तेरने हे प्रकरण हाती घेतले, वकील जमवले, पत्रांमागून पत्रे लिहिली, १७६३ मध्ये सहिष्णुतेवर ग्रंथ लिहिला. आणि ९ मार्च १७६५ रोजी कालास निर्दोष ठरला.

तरीही प्रोटेस्टंटांचे लग्न कायद्याने लग्न नव्हते. जन्म, विवाह, मृत्यू यांची नोंद १७८७ च्या आदेशाने मिळाली, पुन्हा राजाच्या कृपेनेच. ऑगस्ट १७८९ मध्ये नीमचा पाद्री राबो सँ-एत्येन राष्ट्रसभेत उभा राहिला आणि त्याने ही कृपाच नाकारली. आम्हाला सहन करू नका, आम्हाला स्वातंत्र्य हवे, आणि तेच ज्यूंनाही द्या, अशी त्याची मागणी होती. सगळ्या ज्यूंना नागरिकत्व मिळायला सप्टेंबर १७९१ उजाडले. ५ डिसेंबर १७९३ रोजी राबो गिलोटिनवर गेला, धर्मासाठी नव्हे, राजकीय मतासाठी.

त्याच डिसेंबरात पॅरिसमध्ये इंग्रज लेखक थॉमस पेनला अटक झाली. त्याच्या ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये हाच मुद्दा आणखी कडक शब्दांत होता: छळ करण्याचा अधिकार आणि मोकळीक देण्याचा अधिकार, दोन्ही जुलूमच. १८४७ मध्ये हे पुस्तक जोतीराव फुल्यांनी वाचले. पुण्यात परवाना राजाच्या हाती नव्हता. कोणी शिकायचे आणि कोणी देवळात शिरायचे, हे जन्माने ठरलेली जात ठरवत होती. पुढच्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली.