देण्याची वेळ

सांगवीतली कितीतरी कुटुंबं पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांमागे गाव सोडून इथे आली. गाव सुटलं, पण गावाकडच्या पिशव्या यायच्या थांबल्या नाहीत. थंडीत तुरीचे सोले येतात, ओला हरभरा येतो. मंडईत मटार स्वस्त झाला की घरातले सगळे सोलायला बसतात. मे महिन्यात आमरस होतो. यातलं जे उरेल ते फ्रीजरमध्ये जातं.

पुढचं काम बर्फ करतो. दार उघडलं की दमट हवा आत शिरते आणि तिच्यातली वाफ गोठते. पावसाळ्यात, त्यात पवना-मुळेच्या काठी, थर भराभर चढतो. बर्फ जास्त म्हणजे गारवा जास्त असं अनेकांना वाटतं. खरं तर हाच थर आतली उष्णता बाहेर पडू देत नाही. कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, वीजबिल वाढतं. थर 5-6 मिलिमीटर झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबावं, नाहीतर प्लग काढून दार उघडं ठेवावं. सुरीने खरवडू नये. नळीला भोक पडलं की गॅस जातो, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमधला आयसोब्युटेन पेट घेणारा असतो. मग सोड्याच्या कोमट पाण्याने आतून पुसावं, दाराच्या रबराच्या खाचाही.

माझं बोलणं आहे ते या सफाईत हाती लागणाऱ्या डब्यांबद्दल. गेल्या उन्हाळ्यातला आमरस, कडेने पिवळट पडलेलं खवलेलं खोबरं, सुरकुतलेल्या मटाराची पिशवी. घरातलं कोणी खाणार नाही हे ठरलेलं असतं. मग हाक जाते, ‘‘मावशी, हे घेऊन जा, चांगलं आहे अजून.’’

अन्न टाकू नये हा संस्कार आपल्यात खोल आहे, आणि ती हाकही बहुतेक वेळा मायेचीच असते. पण उणे 18 अंशांवरही जंतू मरत नाहीत, त्यांची फक्त वाढ थांबते. महावितरणच्या दुरुस्तीसाठी गुरुवारी दिवसभर वीज गेली, पिशवीतलं सुटलं, रात्री पुन्हा गोठलं, असं वर्षभरात किती वेळा झालं हे आपल्यालाही आठवत नाही. त्यात मावशींना आणखी दोन घरची भांडी उरकायची असतात. तोवर ती पिशवी भर दुपारी कुणाच्या तरी जिन्यात, चपलांशेजारी वितळत असते. संध्याकाळी ती त्यांच्या मुलांच्या ताटात जाते. पोर आजारी पडलं तर खाडा मावशींचाच होतो आणि पगार त्यांचाच कापला जातो.

आपल्या नातवाला जे वाढणार नाही ते दुसऱ्याच्या लेकराला देणं हा अन्नाचा मान नव्हे. असा डबा ओल्या कचऱ्यात रिकामा करावा. टाकताना मनाला लागेल, ते लागू द्यावं. पुढच्या वेळी कमी साठवलं जाईल, डब्यावर तारखेची चिठ्ठी लागेल.

आणि द्यायचंच असेल तर या थंडीत मटार सोलाल त्याच दिवशी, पिशवीला गाठ मारण्याआधी, मावशींचा वाटा बाजूला काढा.